बोर्डातल्या सोन्याआधी मोटारीतलं तांबं बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रसायनशास्त्रात बी.एस्सी. झालंय, घरचे आणि बँकेचे मिळून दहा-पंधरा लाख उभे राहतील, जळगाव एमआयडीसीत एक गाळा भाड्याने मिळतोय. जुन्या कॉम्प्युटर-मोबाइलच्या बोर्डांतून सोनं काढायचं युनिट टाकावं का, निसर्गाची नासाडी न करता ते जमेल का, आणि खानदेशात तेवढा माल मिळेल का?

बोर्डांतून सोनं निघतं, यात शंका नाही. दहा-पंधरा लाखांत ते कायदेशीर आणि स्वच्छ रीतीने काढणं जमणार नाही. आणि खानदेशात माल भरपूर आहे, फक्त तुम्ही शोधताय तिथे तो नाही. माझी उमेदीची सगळी वर्षं मूस (धातू वितळवायचं भांडं), तेजाब (ॲसिड) आणि भट्टी यांत गेली, त्यावरून एकच गोष्ट ठामपणे सांगतो. या धंद्यात पैसा आणि पाणी दोन्ही एकाच ठिकाणी वाचतात: माल ॲसिडच्या टबात जाण्याआधी तुम्ही तो किती नीट निवडता तिथे. विरघळवणं हे शेवटचं आणि सगळ्यात छोटं काम असायला हवं. सोनं काढण्याच्या व्हिडिओत नेमकं उलटं दाखवतात.

सोन्याचे आकडे आधी बघू. खाणीतलं टनभर खनिज दळलं की साधारण एक ते पाच ग्रॅम सोनं हाती लागतं. कॉम्प्युटरच्या चांगल्या मदरबोर्डांच्या टनात शंभर-दोनशे ग्रॅम असू शकतं. म्हणून लोक म्हणतात, कचरा ही खाणीपेक्षा श्रीमंत खाण आहे. हे अर्धंच खरं आहे. टोकियो ऑलिंपिकची पदकं जुन्या उपकरणांतून केली, हे तुम्ही वाचलं असेल. त्यासाठी जपानभरातून सुमारे ७९ हजार टन छोटी उपकरणं आणि त्याखेरीज ६२ लाखांवर मोबाइल गोळा झाले. पदकांसाठी त्यातून सोनं निघालं सुमारे ३२ किलो. भागाकार करून बघा, टनाला अर्धा ग्रॅमही पडत नाही. बोर्ड श्रीमंत असतो, कचरा नसतो. टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, चार्जर, एलईडी बल्बचे तपकिरी बोर्ड मिसळले की सरासरी धाडकन खाली येते, आणि आपल्याकडच्या भंगारवाल्याच्या पोत्यात निम्म्याहून जास्त तेच असतात. पारोळ्याकडचा एक भंगारवाला भाऊ दर वेळी पोतं उघडायच्या आतच विचारतो, "यामा सोनं शे ना भो?" शे, पण चिमूटभर, आणि तेही सगळ्या पोत्यात नाही.

आता ॲसिडचा हिशेब. हा तुम्ही कॉलेजात शिकलात, पण धंद्याच्या वहीत कुणी मांडून दाखवत नाही. बोर्डाच्या वजनात साधारण पाचवा हिस्सा तांबं असतं. शंभर किलो मदरबोर्ड नायट्रिकमध्ये टाकले तर वीस किलो तांबं आधी विरघळणार. समीकरण मांडा: एक किलो तांब्याला बाजारातलं ६८ टक्क्यांचं नायट्रिक, ते किती विरळ करता त्यानुसार, चार ते सहा किलो लागतं. म्हणजे वीस किलो तांब्याला ८० ते ११५ किलो ॲसिड, आणि अजून सोन्याला हातही लागलेला नाही. त्या शंभर किलोत सोनं फार तर दहा-वीस ग्रॅम. वर तो पिवळा-तांबूस धूर. नायट्रोजनच्या ऑक्साइडांचा धूर नाकाला झोंबतो तेवढ्यावर थांबत नाही. माणूस संध्याकाळी घरी धडधाकट जातो आणि रात्री त्याच्या फुप्फुसात पाणी भरतं. नुसत्या पंख्याने हे भागत नाही. स्क्रबर, म्हणजे धूर कॉस्टिक सोड्याच्या पाण्याने धुणारं यंत्र, लागतो, आणि त्या स्क्रबरचं पाणीही पुन्हा तुमच्याच गळ्यात.

ॲसिड टबात संपत नाही, ते फक्त हिरवं-निळं होतं. चुना टाकून आम्लता मारली की वीस किलो तांब्याचा कोरडा हिशेब धरला तरी तीस किलोवर हायड्रॉक्साइड होतं. प्रत्यक्षात ओला गाळ त्याच्या कितीतरी पट भरतो. त्यात शिसं आणि कथील आलंच. हा गाळ घातक कचरा ठरतो. त्याची विल्हेवाट लावणारी सामाईक केंद्रं तळोजा, महापे, रांजणगाव आणि बुटीबोरीला आहेत, आपल्या तिन्ही जिल्ह्यांत एकही नाही. ट्रकचं भाडं आणि टनाचा दर धरला की चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. मग माणूस काय करतो? रात्री शेताच्या बांधाला ओततो. आपल्या तापीकाठच्या काळ्या मातीत चुनखडी भरपूर, त्यामुळे ॲसिड पडल्या पडल्या फेस येतो, फसफस थांबते, आणि ओतणाऱ्याला वाटतं संपलं. आम्लता संपली, तांबं आणि शिसं त्याच थरात बसलं. आणि नायट्रेट? ते मातीला धरून राहत नाही, पाण्याबरोबर सरळ विहिरीत उतरतं. त्याच विहिरीवर कुणाची तरी केळी असते आणि प्यायचा हंडाही तिथूनच भरतो. उत्तर प्रदेशात मुरादाबादला रामगंगेच्या काठी बोर्ड जाळून धुण्याने काय झालं, ते देशाने पाहिलंय. गिरणेच्या काठी तो प्रयोग नको.

"ॲसिडऐवजी हिरवं रसायन वापरलं तर?" असंही तुम्ही विचारलंय. थायोसल्फेट, ग्लायसिन, तांबं खाणारे जिवाणू, हे सगळं खरं आहे, भोंदूपणा नाही. जिवाणूंनी तांबं सोडवणं तर खाणीत मोठ्या प्रमाणावर चालतं. ब्रिटनच्या रॉयल मिंटने वेल्समध्ये वर्षाला चार हजार टन बोर्ड घेणारा कारखाना काढलाय, तिथे सोनं सामान्य तापमानाला सोडवतात. पण तिथेही बोर्ड आधी तापवून सुटे भाग झाडतात, वेगळे करतात आणि मगच सोन्याचे तुकडे रसायनात जातात. रसायन कुठलंही असो, विकणाऱ्याला मी एकच विचारतो: शेवटचं धुवण कुठे जातं? तो अडखळला तर बाकीचं माहितीपत्रक वाचायची गरज नाही. आणि सायनाइडच्या वाटेला जाऊ नका. मुलाम्याच्या कामात ते वापरतात आणि ॲसिडच्या बादलीशेजारीच ठेवतात. दोन्ही एकत्र झाली की निघणारा वायू दुसऱ्या श्वासाची संधी देत नाही.

मग बोर्डांचं करायचं काय? गोळा करा, उघडा, वर्गवारी करा आणि विका. मदरबोर्ड वेगळे, मोबाइलचे वेगळे, सर्व्हर-टेलिफोन एक्स्चेंजचे वेगळे, तपकिरी वेगळे. ॲल्युमिनियमचे हीटसिंक, लोखंडी पट्ट्या, बॅटऱ्या आणि मोठे कॅपॅसिटर हाताने काढा. एवढ्यानेच पोत्याचा भाव बदलतो, आणि यात एक थेंब ॲसिड लागत नाही. जगातल्या मोठ्या भट्ट्या, बेल्जियममधली उमिकोर घ्या, एकाच मालातून सतरा धातू काढतात. आपण बादलीत एक सोनं काढतो आणि पॅलेडियम, चांदी, कथील गाळात फेकतो. त्यामुळे चांगला बोर्ड आपण न विरघळवता पुढे पाठवणं हीच जास्त धातू वाचवायची रीत आहे.

हात शिवशिवत असतील तर एक काम छोट्या प्रमाणात करण्याजोगं आहे, अर्थात परवानगी हातात आल्यावर: कॉम्प्युटरच्या रॅमच्या पट्टीची ती सोनेरी कड, म्हणजे फिंगर. कड कात्रीने कापा, बाकी पट्टी विका. त्या कडेवर सोन्याच्या खाली निकेल आणि तांबं असतं. हायड्रोक्लोरिकमध्ये थोडं तांबं विरघळवून कॉपर क्लोराइडचं द्रावण केलं आणि मत्स्यटाकीच्या पंपाने त्यात हवा सोडत ठेवली, तर ते द्रावण खालचं तांबं हळूहळू खातं आणि हवेतल्या ऑक्सिजनने पुन्हा ताजं होतं. नायट्रिक नको, लाल धूर नको. हायड्रोक्लोरिकची वाफ मात्र असते, त्यामुळे झाकण आणि वारा हवाच. काही दिवसांत सोन्याचे कागदापेक्षा पातळ पापुद्रे सुटून तरंगायला लागतात. गाळून घ्या, द्रावण पुढच्या घाण्याला तेच वापरा. ते फार जड झालं की त्यात लोखंडाचा कीस टाका. लोखंड विरघळतं आणि तांबं तपकिरी भुकटी होऊन खाली बसतं, ती विकता येते. उरतं ते लोखंडाचं आणि थोड्या निकेलचं पाणी. त्यालाही चुना आणि गाळणी लागतेच, पण गाळ पूर्वीच्या मानाने अगदी थोडा. कुठलंही पाणी बाहेर काढण्याआधी थेंबभर स्टॅनस क्लोराइडने तपासा. जांभळी छटा आली तर त्यात अजून सोनं आहे. आणि हे पाणी आटवायचं असेल तर आपला एप्रिल-मे फुकटची भट्टी आहे, पण टाकी अस्तराची हवी, वर पत्रा हवा, आणि मृगाच्या आधी कोरडी झालेली हवी. पहिल्या वळवाने भरून वाहिली की केलेलं सगळं पाण्यात.

आता खानदेशचा खरा माल. रावेर, यावल, चोपडा या केळीच्या पट्ट्यात किती पाणबुडी मोटारी जमिनीत उतरल्यात याचा अंदाज घ्या. उन्हाळ्यात पारा ४५ ला टेकतो, व्होल्टेज पडतं, मोटार जास्त करंट ओढते आणि जळते. प्रत्येक बाजारगावी रिवाइंडिंगची, म्हणजे मोटारीची जळकी तार काढून नवी गुंडाळून देणारी, दुकानं आहेत, आणि हंगामात त्यांच्या दारात जळक्या वाइंडिंगचे ढीग लागतात. पाच अश्वशक्तीच्या एका मोटारीत काही किलो तांबं असतं. बोर्डांच्या पोत्यात चिमूटभर सोनं शोधण्यापेक्षा हे तांबं डोळ्यांसमोर पडलेलं आहे.

त्याचं आज काय होतं? दुकानामागे टायरचा तुकडा पेटवून वरचं आवरण जाळतात. धूर तर आहेच, पण जळालेलं तांबं काळं पडतं, वरून भस्म होऊन वजन घटतं, आणि भंगारबाजारात लख्ख तारेपेक्षा त्याला भाव कमी मिळतो. म्हणजे जाळणारा स्वतःच्याच खिशाला आग लावतो. पीव्हीसीची केबल जाळली तर प्रकरण आणखी वाईट. पीव्हीसीत क्लोरीन असतं, धुमसत्या आगीत त्यातून डायॉक्सिन तयार होतात, आणि तांबंच त्या क्रियेला उत्प्रेरक म्हणून मदत करतं.

पाणबुडी मोटारीची तार बहुधा प्लास्टिकच्या फितीने गुंडाळलेली असते. ती थंडपणीच सोलता येते: स्टेटरचं, म्हणजे मोटारीच्या न फिरणाऱ्या भागाचं, एक टोक कटरने सपाट कापायचं, दुसऱ्या बाजूने हुक लावून कॉइल ओढून काढायची, तारा सरळ करून सोलण्याच्या यंत्रातून घालायच्या. बारीक तुकड्यांना ग्रॅन्युलेटर: दळतो आणि हवेवर तांबं-प्लास्टिक वेगळं करतो. इनॅमल, म्हणजे वार्निशसारखा पातळ थर, लावलेली तार सोलत नाही, तिला बंद भट्टीच लागते, तीही निघणारा धूर पुन्हा जाळणाऱ्या दुसऱ्या कप्प्याची. सुरुवातीला इनॅमलचा माल वेगळा ठेवून तसाच विका. खरेदी करताना मात्र तार कापून तोंड बघा. स्वस्त मोटारींत ॲल्युमिनियमची तार वरून तांब्याचा वर्ख देऊन येते. कापलेलं तोंड पांढरं दिसलं की भाव दुसरा. दहा-पंधरा लाखांत बसणारा धंदा हा आहे: सोलणी यंत्र, छोटा ग्रॅन्युलेटर, काटा, आणि रिवाइंडिंगवाल्यांशी वर्षभराचा व्यवहार.

दुसरा माल तुमच्या नाकासमोर आहे, जळगावच्या सराफ बाजारात. सुवर्णनगरी म्हणवणाऱ्या गावात रोज किती सोनं घासलं, कापलं, उजळलं जातं! कानशीचा कीस, पॉलिशच्या चाकाची धूळ, कारागिराच्या हात धुण्याचं पाणी, बागेसरीची राख, फुटक्या मुशी, सगळ्यांत सोनं असतं. हा केर विकत घेऊन धुणारे झारेकरी आपल्याकडे पिढ्यान्पिढ्या आहेत. टिकाऊ, शाश्वत वगैरे शब्द यायच्या कितीतरी आधीपासून ते गटारातलं सोनं बाजारात परत आणत आलेत, आणि या कामात त्यांच्या हाताला जी नजर आहे ती तुमच्या-माझ्या पदवीत नाही. मी तुमच्या जागी असतो तर त्यांच्याशी स्पर्धा न करता भागीदारी केली असती.

त्यांच्या पद्धतीत एकच गोष्ट बदलायला हवी, पारा. धुऊन राहिलेल्या काळ्या वाळूतलं बारीक सोनं पाऱ्यात धरतात आणि मग पारा तापवून उडवतात, पुष्कळदा राहत्या खोलीत. उडालेला पारा भिंतीत, अंथरुणात, लेकरांच्या अंगात जातो. पाऱ्याच्या वापराला आळा घालणाऱ्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली, तरी असल्या खोल्यांपर्यंत अजून कुणी पोचलेलं नाही. याला पर्याय आहे आणि तो सोनाराच्या डब्यातच असतो: टाकणखार, म्हणजे बोरॅक्स. फिलिपिन्समधले छोटे खाणकामगार याच रीतीने पारा टाळतात.

रीत अशी. केरातले केस, दोरे, कागद झाकणाच्या भट्टीत जाळून राख करा. चाळा. लोहचुंबक फिरवा, करवतीचं आणि कानशीचं लोखंड निघून जाईल. राहिलेलं पाण्यात सावकाश हालवत धुवा. इथे घाई केली की सोनं पाण्याबरोबर जातं, म्हणून धुवणाचं पाणी तीन टाक्यांतून निवळत जायला हवं. तळाशी काळा, जड गाळ उरतो. तो पुरता वाळवून टाकणखारात मिसळून मुशीत चढवा. टाकणखार मातीचे आणि लोखंडाचे भस्म स्वतःत विरघळवून काच करतो, धातू खाली गोळा होतो. थंड झाल्यावर मूस उलटी ठोकली की वर काळी काच आणि बुडाला धातूचा रवा. काच फेकू नका, तिच्यात मोहरीएवढे मणी अडकलेले असतात. कुटून पुन्हा धुवा. निघालेला रवा म्हणजे सोनं, चांदी, तांबं आणि डागातलं (दागिन्याच्या जोडातलं) जस्त यांची मिसळ. तो शुद्ध करायला तेजाब लागेल, पण आता पोतंभर मालाऐवजी मूठभर धातूला. हे काम तुम्ही स्वतः करूही नका. परवाना आणि स्क्रबर असलेल्या गलाईवाल्याकडे, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणाऱ्याकडे, टंच (शुद्धता) काढून द्या. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीकडची ही माणसं देशभरच्या सराफ्यांत आहेत आणि त्यांचा हात साफ असतो.

बाकीचा माल भराभर सांगतो. जुन्या एक्स-रे फिल्मवर चांदी असते. ती जिलेटिनच्या थरात असते आणि जिलेटिन प्रथिनं पचवणाऱ्या विकराने, म्हणजे प्रोटीज एन्झाइमने, कोमट पाण्यात सुटतं. काम स्वच्छ आहे, पण दवाखाने डिजिटल झाल्यामुळे माल आटत चाललाय. वनस्पती तूप करताना तेलात हायड्रोजन मिसळायला निकेलचा उत्प्रेरक लागतो, त्यामुळे अमळनेरसारख्या तेला-तुपाच्या गावाशी निकेलचंही नातं आहे. वापरून झालेला उत्प्रेरक घातक कचऱ्यात मोडतो आणि वाळला की आपोआप पेटूही शकतो, तुम्ही हात लावू नका. भुसावळजवळच्या दीपनगर वीजकेंद्राच्या राखेतून दुर्मिळ धातू काढायच्या बातम्या येतात; राखेत एकेक धातू टनाला काही ग्रॅम ते शे-दोनशे ग्रॅमच्या घरात असतो, छोट्या माणसाचं ते काम नव्हे. लिथियमच्या बॅटऱ्या उघडू नका, आपल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या गाळ्यात साठवूही नका.

सोलर मात्र डोक्यात ठेवा. साक्रीजवळ शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा प्रकल्प २०१३ पासून आहे, शिवाय शेतोशेती सौरपंप उभे राहतायत. पॅनलचं आयुष्य पंचवीस वर्षं धरतात, म्हणजे मोठी लाट अजून यायची आहे, पण वादळात आणि गारपिटीत फुटलेले पॅनल आत्ताच पडून आहेत. आज त्यात पैसा ॲल्युमिनियमच्या चौकटीत आणि केबलच्या तांब्यात आहे. चांदी वजनाच्या हजाराव्या हिश्श्याच्या आसपास किंवा कमीच, तीही काचेला चिकटलेल्या थरात.

कायद्याचं एवढं लक्षात घ्या. ई-कचरा (व्यवस्थापन) नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत, आणि सोलर पॅनलही त्यात आलेत. पूर्वी नुसतं सुटं करणाऱ्याची वेगळी नोंदणी होती, आता उत्पादक, निर्माता, दुरुस्ती करून पुन्हा विकणारा आणि रिसायकलर एवढ्याच चार नोंदण्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे होतात. रिसायकलरला सोनं, तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड किती काढलं त्यावर प्रमाणपत्रं मिळतात आणि ती कंपन्या विकत घेतात. तुम्ही लगेच रिसायकलर होऊ नका. नोंदणीकृत रिसायकलरशी लेखी करार करून त्याचं संकलन केंद्र व्हा, म्हणजे बोर्ड जवळ ठेवायला कागदाचा आधार राहील. तांब्याच्या कामालाही महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती काय लागते, ते गाळ्याची अनामत देण्याआधी त्यांच्या जळगावच्या कार्यालयात विचारा. केंद्राने सप्टेंबर २०२५ मध्ये महत्त्वाच्या खनिजांच्या पुनर्वापरासाठी १,५०० कोटींची प्रोत्साहन योजना मंजूर केलीय, त्यातला एक हिस्सा छोट्या आणि नव्या उद्योगांसाठी राखीव आहे. ती तुमच्या दुसऱ्या पायरीची गोष्ट.

विक्रीचं शेवटी सांगतो, कारण नवा माणूस इथेच नागवला जातो. बोर्डांचा खरेदीदार धातू मोजायचं मशीन लावून सोन्याची टक्केवारी दाखवतो. ते मशीन फक्त वरचा थर वाचतं. मुलाम्याच्या पिनेवर काहीच्या काही आकडा येतो, कधी तुमच्या बाजूने, बहुतेकदा त्याच्या. अख्ख्या खेपेतून नमुना काढायचा, तो दळायचा किंवा वितळवायचा, आणि त्याचे तीन भाग करायचे: एक त्याचा, एक तुमचा, तिसरा दोघांच्या सह्यांनी सीलबंद. दोघांचे आकडे जुळले नाहीत तर तिसरा भाग दोघांनाही मान्य असलेल्या प्रयोगशाळेत जाईल आणि तिचा आकडा अंतिम, हे करारात आधी लिहून घ्या. पहिल्या वर्षी बोर्ड साठवून एकदम मोठी खेप पाठवण्याचा मोह होईल. तसं करू नका. आधी एकाच जातीच्या बोर्डांची छोटी खेप पाठवा, पैसे खात्यावर येऊ द्या, मग दुसरी.